शंकरचा इंग्रजी दिवस

मंठाळहून निघाल्यापासून सोजराबाईचं तोंड बंद होतं, आणि तिचं तोंड बंद म्हणजे घरच्यांनी ओळखावं की आज काही खरं नाही. जीप भाड्याची. पुढं ड्रायव्हरशेजारी तिचा नवरा श्रीपतराव, मागं ती आणि एकुलता एक लेक शिवशंकर. लेक मोबाइलमध्ये मान घालून बसलेला. रस्त्याच्या दोन्ही अंगांना तुरी काढणीला आलेल्या, शेंगा वाळून खुळखुळायला लागलेल्या, आणि ही बाई त्या रानांकडं अशी बघत होती की कुणी तिचं हिसकावून नेलंय.

नेलंच होतं की. खोटं कशाला बोला.

तीन वर्षांमागं शंकरला बेंगळूरला कॉम्प्युटरच्या कंपनीत नोकरी लागली. पेढे वाटून झाले, सत्कार झाला, आणि महिन्याच्या आत फोन आला, आई, जेवणाचे लई हाल व्हायलेत, पंधरा दिवस येऊन जा. सोजराबाई चार लुगडी आणि शेंगदाण्याची चटणी घेऊन गेली. ते पंधरा दिवस काही अजून सरले नव्हते. नवव्या मजल्यावरचं घर, खाली बघितलं की डोळे फिरायचे. तिथल्या बायका तिच्या गुलबर्ग्याकडच्या कन्नडला तोंडावर पदर घेऊन हसायच्या, पण तिचं अडत काही नव्हतं. घरात मराठी, गावात कन्नड, बाजारात मुसलमानांची उर्दू, एवढ्यावर तिनं संसार निभावला होता. चौथी भाषा तेवढी येत नव्हती, आणि लेकाचं सगळं चालायचं ते त्या चौथीतच.

इकडं श्रीपतराव भावाच्या घरी जेवायचे. म्हशी विकल्या. दारातला पारिजातक वाळला म्हणून फोनवर कळलं. आणि येळवस. वेळ अमावस्येला आमच्याकडचं अख्खं गाव रानात जाऊन जेवतं, कडब्याची खोप घालून पाच पांडव मांडतं, भज्जी आणि आंबील खाऊन तिथंच लवंडतं. लग्न होऊन मंठाळला आल्यापासून सोजराबाईची एक येळवस चुकली नव्हती, आणि आता ओळीनं तीन चुकल्या. "तिकडं पण सुट्टी नसते आई," शंकर म्हणायचा. सुट्टी त्याला नसायची. तिला कुठली आलीय सुट्टी.

तर आजचा करार असा होता. आळंदच्या बसवंतप्पाची पोरगी बघायची. पसंत पडली तर महिन्याभरात बार उडवायचा, आणि सोजराबाईनं लग्नाच्या तयारीला म्हणून इथंच राहायचं, ते कायमचंच. नाही पडली तर संध्याकाळच्या रेल्वेनं लेकासंगं परत बेंगळूर. ह्या आठवड्यात येळवस होती. बाईचा जीव कशात अडकला होता ते सांगायला नको.

आणि तिचं डोकं कामून तापलं होतं तेही ऐका. ह्याआधी तीन पोरी बघून झाल्या होत्या. चांगल्या घरच्या, धडधाकट, शिकलेल्या. तिन्ही शंकरनं मोडल्या. का, तर इंग्रजी कच्चं. पूर्वी पोरगी बघायला आले की म्हणायचे चालून दाखव, सुईत दोरा ओव. तेही काही शहाणपणाचं नव्हतं म्हणा. आता हे नवीन निघालं होतं. पोरगी येऊन पाटावर बसली रे बसली की शंकर म्हणायचा, "तुमचं डेली रूटीन सांगा ना. इंग्लिशमध्ये."

हे खूळ एकट्या शंकरचं नव्हतं. पुण्या-बेंगळूरला नोकरीला गेलेली सगळीच पोरं हेच विचारायची. मग आळंदच्या बसस्टँडमागं एका मास्तरनं इंग्रजी बोलायचा क्लास काढला. मास्तर हुशार. लग्नाच्या पोरींना काय विचारतात ते त्यानं हेरलं आणि सगळ्यांकडून एकच दिवस पाठ करून घेतला. त्यामुळं झालं असं, की अख्ख्या तालुक्यातली लग्नाची प्रत्येक पोरगी सकाळी सहाला उठायची, दात घासायची, दूध प्यायची, झाडांना पाणी घालायची आणि मॉर्निंग वॉकला जायची. ह्या भागात पोरगी सकाळच्या पारी एकटी नुसतीच चालत निघाली तर चार माणसं आडवी येऊन विचारतील, बाई, दवाखान्यात कोण हाय? पण इंग्रजीत चालत होतं सगळं. सोजराबाईला शब्द कळत नव्हते, चाल पाठ झाली होती.

बसवंतप्पाचं घर आडत बाजाराच्या मागंच. तुरीचा आणि ज्वारीचा व्यापार, माणूस सरळ. त्याची बायको पार्वतम्मा दारात पाणी घेऊन उभीच होती. चुरमुऱ्याचा सुसला आला, चहा आला. मग पोरगी आली. मल्लेश्वरी तिचं नाव. रंगानं सावळी, हाताला काम केल्याची खूण, मान खाली पण डोळे जाग्यावर. सोजराबाईला बघताक्षणी बरी वाटली. मनात म्हणाली, देवा, हिला तरी पास कर.

शंकरनं फोन उलटा ठेवला आणि विचारलंच.

मल्लेश्वरीनं सुरू केलं. आय गेट अप अ‍ॅट सिक्स ओ क्लॉक. आय ब्रश माय टीथ. आय ड्रिंक मिल्क. सोजराबाईच्या कपाळावर आठी पडली. तीच चाल, तोच हेल, तिथंच श्वास. मधे झाडांचं पाणी आलं, वॉक आला. पोरगी घामाघूम झाली पण शेवटाला पोचली.

शंकर हसला. ते हसणं सोजराबाईच्या काळजाला लागलं, कारण तसं तो लहानपणी कधी हसत नव्हता. "हे क्लासचं पाठांतर झालं," तो म्हणाला. "असं पोपटासारखं नाही बोलत कुणी. नॅचरल यायला पाहिजे. आणि उच्चार पण जरा..."

पोरीचे कान तांबडे झाले. पार्वतम्मा उगीचच कपबश्या गोळा करायला लागली. बसवंतप्पा छताकडं बघत राहिला. आणि सोजराबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"मग नीट कसं म्हणायचं ते तू म्हणून दाखव की," ती म्हणाली. सकाळपासूनचं हे तिचं पहिलं वाक्य. "दुसऱ्याच्या लेकीला नावं ठिवायलास. तुजा दिवस सांग. तिला बी कळंल, आमाला बी कळंल."

"आई, माझा कशाला?"

"सांग म्हणले ना."

शंकरनं खांदे उडवले आणि सांगितलं. आता त्याचं इंग्रजी झकास होतं, त्यात वाद नाही. कुठं अडलं नाही, कुठं धडपडलं नाही. आढ्यावरून पाणी ओघळावं तसं सरळ खाली आलं. सोजराबाई रागात होती तरी ऐकता ऐकता तिला आतून बरं वाटायला लागलं. आपलंच लेकरू ना शेवटी. ह्याच्या शाळेच्या फीसाठी आपण किती जीव मारला ते आठवलं. त्यात टी आलं, ब्रेकफास्ट आलं, टिफिन आलं. हे शब्द तिला ठाऊक होते, आणि हे शब्द आले म्हणजे आता आपलं नाव येणार असं तिनं धरलं.

तो थांबला. मल्लेश्वरी मन लावून ऐकत होती. सोजराबाई तिच्याकडं वळली.

"पोरी, तुला कळलं का सगळं?"

"व्हय मावशी."

"मग मला आपल्या बोलीत सांग. तीन वर्सं झाली ह्याच्याजवळ हाय, काय बोलतो ते एकदा तरी मला कळू दे."

मल्लेश्वरीनं बापाकडं बघितलं. बापानं मान हलवली. मग ती सावकाश सांगायला लागली, वाक्य न् वाक्य, जसं होतं तसं. "सातला उठतात. चहा घेतात. फोनवर बातम्या बघतात. जिमला जातात. आले की अंघोळ करतात, कपडे घालतात. नाश्ता करतात. टिफिन घेऊन ऑफिसला जातात. कवा कवा घरूनच काम करतात. सांजच्याला आले की फ्रेश होतात. जेवतात. सिनेमा बघतात. झोपतात."

"अजून?"

"झालं मावशी."

"न्हाई, मधलं काय सुटलं का तुजं? पुन्यांदा सांग."

पोरीनं पुन्हा सांगितलं. काही सुटलं नव्हतं. सोजराबाई एकेका वाक्यापाशी उभी राहून बघत होती. चहा घेतात. कुठनं घेतात? ती साडेपाचला उठायची, दुधाच्या पिशव्या आणायला खाली उतरायची. लिफ्टची भीती जायला सहा महिने लागले होते. नाश्ता करतात. ह्याला अंडी उकडून लागायची, आणि जिच्या माहेरी अंडं शिवत नव्हते ती बाई रोज सकाळी चार अंडी सोलत होती. कपडे घालतात. इस्त्रीचा चटका अजून मनगटावर होता. नवव्या मजल्यावरच्या त्या घरात तीन वर्षं एक माणूस राबत होतं, आणि लेकाच्या अख्ख्या दिवसात ते माणूसच नव्हतं.

"मी कुठं हाय रे ह्यात?" तिनं विचारलं.

"म्हणजे?"

"तुज्या दिवसात मी कुठं हाय? चहा घेतो म्हनतोस. करतंय कोन?"

"आई, असं नसतं," शंकर वैतागून म्हणाला. "रूटीन असंच सांगतात. आपण काय करतो तेवढंच सांगायचं असतं. चहा कुणी केला, दूध कुणी आणलं, हे सगळं कोण सांगत बसतं?"

"खरं हाय मावशी," मल्लेश्वरी हळूच म्हणाली. "आमच्या क्लासच्या पुस्तकात बी तसंच हाय. कोन करतंय ते त्यात न्हाईच."

पोरीनं शंकरची बाजू घेतली का काडी लावली ते सोजराबाईला कळेना. श्रीपतरावांनी खाकरून घेतलं. "शंकरची माय, लोकाच्या घरी आलाव आपण. घरच्या गोष्टी घरी."

"घरी कवा? मला घर हाय कुठं?" ती म्हणाली.

मग तिला काय वाटलं कुणास ठाऊक, मल्लेश्वरीला म्हणाली, "ते झाडाचं पाणी आन् वॉक ऱ्हाऊ दे. तुजा खराखुरा दिवस सांग. आपल्या बोलीत."

पार्वतम्मा चमकली. "अक्का, आता कशाला ते..."

पण पोरीनं सुरू केलं होतं. "आई चूल पेटवती, मी तवर गोठ्यातलं उरकते. बाबा धार काढतेत, दूध मी डेरीला पोचवते. येताना आज्जीची गोळी आनते मेडिकलमधून. आई भाकरी थापती, मी भाजते. दुपारी बाजारात लिलाव असतो तवा मी आडतीवर बसते बाबांसंगं. कन्नडवाले शेतकरी आले की बाबा बोलतेत, उमरग्याकडचे मराठीवाले आले की मी बोलते. मला आवडतं तिथं."

आडतीचं नाव निघालं तशी पार्वतम्मानं डोळे मिटून घेतले. पोरगी बाजारात बसते हे बघायला आलेल्यांपासून लपवायचं ठरलं होतं. सोजराबाईला त्याचं काही वाटलं नाही. तिला एवढंच दिसलं, की ह्या पोरीच्या दिवसात माणसंच माणसं होती. आई होती, बाप होता, आज्जीची गोळीसुद्धा होती.

शंकर मात्र घड्याळ बघत होता. आपलं अख्खं इंग्रजी पोरीनं न अडता मराठीत सांगितलं, हे त्याच्या मनात भरलं असावं. त्यानं बापाच्या कानाशी लागून काहीतरी सांगितलं, आणि श्रीपतरावांचा चेहरा उजळला. "बरं का बसवंतप्पा," ते मोठ्यानं म्हणाले, "पोराला पोरगी पसंत हाय. इंग्रजी काय, तिकडं गेल्यावर सुधरंल म्हनतोय. शंकरची माय, ऊठ. वटी भर."

आमच्याकडं असं असतं. पुरुषांनी कितीही ठरवलं तरी मुलाच्या आईनं पोरीची ओटी भरली की मगच ठरलं. नारळ, खण, तांदूळ सोजराबाईनं आणलं होतं. पार्वतम्मानं लगबगीनं पाट मांडला, पोरीला बसवलं, हळदीकुंकवाचं ताट आणलं.

सोजराबाई जागची हलली नाही.

आता विचार करा. नुसतं उठायचं, नारळ त्या पोरीच्या पदरात टाकायचा, आणि सुटली. आज रात्री मंठाळला आपल्या अंथरुणावर. दोन दिवसांनी रानात. पुन्हा लिफ्ट नाही, अंडी नाहीत. तीन वर्षं तिनं ह्याच घटकेची वाट बघितली होती, प्रत्येक पोरीच्या वेळी देवाला हात जोडले होते. आणि आता तिला कळत होतं की ती सून शोधत नव्हती, आपल्या जागेला माणूस शोधत होती. तिला स्वतःचीच किळस आली. लेकाचा राग आला त्याहून जास्त.

"पार्वतम्मा," ती म्हणाली, "ही पोरगी माज्या लेकाला देऊ नगा."

पार्वतम्मा हातातल्या ताटासकट वळली.

"काय बोलायलीस?" श्रीपतराव उठून उभे राहिले. "डोकं फिरलं का?"

"पोरगी सोन्यावानी हाय. म्हनून सांगायले, देऊ नगा. हिला तिकडं न्हेतील आन् चहा घेतो, नाश्ता करतो म्हनतील. तीन वर्सांनी हिला बी कुनीतरी इचारावं लागंल की बाई तू कुठं हाईस. माजं झालं ते झालं, मी आई हाय. ही कामून?"

तिला वाटलं होतं पार्वतम्मा तिचे पाय धरेल. कसलं काय. पार्वतम्मानं कुंकवाचं ताट दाणकन खाली ठेवलं. "तुमच्या मायलेकाचं भांडण तुमच्या घरी करायचं व्हतं. उद्या सगळं आळंद म्हनंल, पाटावर बसवून पोरगी नाकारली. आडतीवर बसती म्हनून नाकारली म्हनतील. आमच्या लेकीची हकनाक बदनामी. तुमाला काय, तुमी जाताल जीपमधी बसून."

सोजराबाईला ते लागलं. बाईचं खोटं नव्हतं.

तेवढ्यात पाटावरची पोरगी बोलली. आवाज चढला नव्हता, पण ती पण चिडली होती, ते दिसत होतं. "मावशी, तुमी न्हाई म्हनला, मामा व्हय म्हनले, आई भांडायली. मला कुनी इचारलंय का आजून?"

सोजराबाईच्या तोंडात मारल्यागत झालं. मघापासून जे आपण लेकाला सुनावत होतो तेच आपण ह्या पोरीला केलं. तिनं मान खाली घातली. "न्हाई पोरी. चुकलं माजं. तू इचार तुला काय इचारायचं ते."

मल्लेश्वरी शंकरकडं वळली. "लग्न झाल्यावर तुमचा दिवस कसा असंल? इंग्रजीत सांगितलं तरी चालंल, मला कळतंय."

शंकरला प्रश्न सोपा वाटला. त्याला वाटलं पोरगी वळणावर आली. तो हसून म्हणाला, "तोच. सेम. रूटीन काय बदलतं का? उलट आईला आता वय झालं, तिला पण आराम मिळेल."

मल्लेश्वरीनं जरा वेळ वाट बघितली. तो आणखी काही सांगेल असं तिला वाटत असावं. त्यानं काही सांगितलं नाही.

"मग त्यात मी बी न्हाईच," ती म्हणाली आणि पाटावरून उठली. "बाबा, माजं न्हाई. आन् कुनी इचारलं तर सांगा, पोरीनं नाकारलं म्हनून. त्यांनी न्हाई." ती आत गेली. बसवंतप्पानं लेकीला अडवलं नाही आणि पाहुण्यांना थांबाही म्हटलं नाही, म्हणजे जे समजायचं ते समजलं.

श्रीपतराव चपला शोधायला लागले. जाता जाता बायकोवर तोंड सोडलंच. "तूच लाडावून ठिवलीस त्याला. आन् आता लोकाच्या ओसरीत त्याची लाज काढायलीस."

"मी लाडावलं तवा तुमी कुठं व्हता? तुमचं ताट कोन उचलत व्हतं?" ती म्हणाली. "तुमाला बघूनच शिकलंय ते. आयतं मिळतंय तवर बापलेक दोगं बी गरीब गाई."

शंकर मात्र शांत होता. त्याला फारसं काही झालंच नव्हतं. त्यानं फोन खिशात टाकला, घड्याळ बघितलं आणि समजूत घातल्यासारखा म्हणाला, "जाऊ दे आई, दुसरी बघू. चल ऊठ, गाडीला वेळ होईल. लग्नाची घाई नाही काही, तोवर तू आहेसच की."

तोवर तू आहेसच की. हे तो रागानं बोलला असता तर तिनं सोसलं असतं. तो प्रेमानं बोलला. सोजराबाईला रडू आलं आणि रडू आल्याचा पण रागच आला.

"मी येनार न्हाई."

"म्हणजे?"

"म्हंजे न्हाई. मी मंठाळला जानार. तू जा."

शंकर हसायला गेला, पण आईचं तोंड बघून त्याचं हसू मधेच राहिलं. त्यानं बापाकडं बघितलं. बाप चपलेच्या अंगठ्याशी खटपट करत होता. तीन वर्षांत पहिल्यांदा शंकरच्या तोंडावरचा रंग उडाला.

"मग मी खाऊ काय?" तो म्हणाला.

केवढा बाप्या माणूस, कंपनीत हाताखाली माणसं, आणि बसवंतप्पाच्या ओसरीत उभा राहून हे बोलला. आतल्या खोलीच्या दाराशी मल्लेश्वरी आणि तिची आई दोघी उभ्या होत्या. शंकरला ते दिसलं आणि आपण काय बोललो ते कळलं, पण बोलून झालं होतं.

सोजराबाई खांबाला टेकून बसली. "सांगते काय खायचं ते. पर आदी मघाचं इंग्रजी पुन्यांदा म्हन. माणसं घालून म्हन."

"आई, लोक बघायलेत."

"बघू दे. मघाशी बी बघतच व्हते."

तो उभा राहिला. निघून जाईल असं सगळ्यांना वाटलं. जीपवाल्यानं बाहेर एकदा हॉर्न वाजवला. मग शंकरनं सुरू केलं. आय गेट अप अ‍ॅट सेव्हन. तिथं अडला. मघाशी सरळ खाली आलेलं इंग्रजी आता प्रत्येक पायरीवर थांबत होतं.

"माय मदर मेक्स टी," तो म्हणाला.

सोजराबाईला त्यातलं 'मदर' तेवढं कळत होतं. बँकेत, दवाखान्यात, बिल्डिंगच्या गेटवर लोक तिच्याकडं बोट करून त्याला विचारायचे, मदर? तेवढ्यानं तो शब्द तिच्या ओळखीचा झाला होता. ती ऐकत राहिली.

माय मदर ब्रिंग्ज मिल्क. माय मदर बॉइल्स एग्ज. माय मदर पॅक्स माय टिफिन. आवाज खाली खाली जात होता. कपड्यांचं आलं, जेवणाचं आलं, प्रत्येक वाक्याच्या तोंडाशी मदर. एकदा 'आय' म्हणून सुरू केलं, थांबला, आणि पुन्हा मदर म्हणाला. मग "माय मदर ओपन्स द डोअर" असं काहीतरी म्हणाला, आणि पुढं त्याला बोलता येईना. रात्री कितीही उशीर झाला तरी त्याला कधी किल्ली लागली नव्हती, हे बहुतेक त्याला तिथं उभ्या उभ्याच समजलं. डोळे पुसायला त्यानं तोंड दुसरीकडं केलं.

मल्लेश्वरीनं ह्यावेळी काही मराठीत सांगितलं नाही, आणि कुणी तिला विचारलंही नाही.

सोजराबाईच्या पदराला ओल लागली होती. लेकाला जवळ घ्यावं असं तिच्या हातांना फार वाटत होतं, आणि राग काही उतरत नव्हता. दोन्ही एकदमच होतं.

"बरं म्हनलास," ती म्हणाली. "जिथं जिथं मदर म्हनलास ते आता तुजं तू करायचं, आन् खायचं. जा. गाडी चुकंल."

तो ओसरीची पायरी उतरला आणि त्यानं एकदा मागं वळून बघितलं. ती खांबापासून उठली नाही.